निखारा फुलताना

परभणी जिल्ह्यात हुक्का ओढणारा माणूस आज सहज दिसत नाही; निखाऱ्यावाचून ज्याचं अडतं असा माणूस मात्र गल्लीगल्लीत भेटतो. सराफ्यात बागेसरीपुढे बसलेला सोनार, आठवडी बाजाराच्या कडेला भाता मांडून कुऱ्हाडीला पाणी पाजणारा लोहार, जड इस्त्रीत कोळसे भरणारा परीट, पावसाळ्यात हातगाडीवर कणसं भाजणारी बाई, आणि दर फेब्रुवारीत भरणाऱ्या हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात ऊददाणीत लोबान टाकणारा मुजावर. ह्या सगळ्यांची पहिली गरज एकच: कोळसा नीट पेटला पाहिजे.

लाकूड पेटवणं बहुतेकांना येतं, कोळसा पेटवणं येतंच असं नाही. लाकडाला ज्वाळा असते, ते पेटलं की नाही हे लांबून कळतं. कोळशाला ज्वाळा जवळजवळ नसतेच. एका कोपऱ्यात पेटलेला आणि अजिबात न पेटलेला कोळसा दिसायला सारखेच काळे. आणि राखेची साय धरलेला निखारा आत लालबुंद असूनही वरून थंड वाटतो. अपघात घडतात ते ह्या दोन फसव्या अवस्थांमध्ये. हुक्क्याच्या बाबतीत तर ही फसगत थेट छातीत जाते, कारण दुसऱ्या कुठल्याही कामात माणूस निखाऱ्यावरून आलेली हवा मुद्दाम नळी लावून आत ओढत नाही.

ही सवय आपल्याकडे परकी नाही. उलट मोगल दरबारात तंबाखू पोचली ती दख्खनेतूनच. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. १६०४-०५ च्या सुमारास परतताना त्याने तंबाखू आणि ती ओढायची रत्नजडित नळी बरोबर नेली. बादशहाने एक-दोन झुरके घेतले, हकिमांनी नापसंती दाखवली, पण दरबारी मंडळींना ती आवडली, असं असद बेगनेच लिहून ठेवलं आहे. पुढे सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी ज्या हैदराबाद संस्थानात होती, त्याच संस्थानातल्या बीदरचे कारागीर हुक्क्याची बूडं घडवण्यात नावाजलेले होते. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओतायचं, त्यावर चांदी जडवायची आणि बीदरच्या किल्ल्यातल्या जुन्या मातीने ते काळं करायचं, ही बिदरीकामाची रीत. जगभरच्या संग्रहालयांत जुन्या बिदरी वस्तू पाहायला मिळतात, त्यांत हुक्क्याची बूडं भरपूर.

अमीर-उमरावांच्या घरी हुक्क्यासाठी स्वतंत्र नोकर असे, हुक्काबरदार. तंबाखू मळणं, पाणी बदलणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे निखारे तयार करणं ही त्याची कामं. मालकापुढे यायचा तो फुललेला निखारा. कोळसा धुमसतो तो वेळ नोकराच्या वाट्याला. गरिबाला एवढा थाट कुठला? त्याच्या हाती चिलीम, आणि तिच्यात चुलीतला किंवा धुनीतला निखारा. जिल्ह्यातलं पाथरी साईबाबांचं जन्मस्थान मानलं जातं, आणि जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी निधीची घोषणा होताच शिर्डीकरांनी बंद पाळला होता. वाद काहीही असो, बाबांची चिलीम दोन्ही गावांच्या भक्तांना माहीत आहे. त्यांची धुनी होती ती पडक्या, मोकळ्या मशिदीत, जिथे धुराला आणि वायूला जायला वाट होती. ह्या मोकळेपणाचं महत्त्व पुढे येईलच.

आधी कोळशाकडे पाहू. लाकडाला पुरेशी हवा मिळू न देता तापवलं की त्यातलं पाणी, डांबर आणि जळाऊ वायू निघून जातात आणि मागे जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या कातकऱ्यांनी केलं. रायगडमधली अनेक कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की ठेकेदाराच्या मागे कोळसा पाडायला घाटावर येतात. लाकडं रचायची, त्यावर पालापाचोळा आणि माती लिंपायची, एका तोंडाने आग द्यायची आणि मग कित्येक दिवस भट्टीवर डोळ्यात तेल घालून पहारा करायचा. भट्टीला कुठे भगदाड पडलं आणि हवा आत शिरली, की सगळा माल राख. मातीच्या भट्टीत साधारणपणे लाकडाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका, फार तर चौथाईइतका कोळसा हाती लागतो. मराठवाड्यात गावकुसाबाहेर, नाल्याकाठी माजलेली वेडी बाभूळ ह्या कामाला चांगली, कारण तिचं लाकूड जड आणि घट्ट.

चांगला पडलेला कोळसा दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणतो आणि मोडला तर आतही काळा, चकचकीत दिसतो. मोडल्यावर आत तपकिरी गाभा दिसला तर तो कच्चा. त्यात लाकूड शिल्लक आहे, आणि पेटवला की तो डोळ्यांत पाणी आणणारा धूर सोडणार. हुक्क्यासाठी विकले जाणारे चौकोनी ठोकळे बहुतेक करवंटीच्या कोळशाचे असतात. करवंटीचा कोळसा दळून, खळ घालून, दाबून ते पाडतात. ते घट्ट असतात म्हणून उशिरा पेटतात आणि बराच वेळ टिकतात. बाजारात ‘नैसर्गिक कोळसा’ म्हणतात तो हा. त्या नावाने कुणी फसू नये. नैसर्गिक म्हणजे त्यात पेटवण्याचं रसायन घातलेलं नाही, एवढाच अर्थ.

दुसरा प्रकार झटपट पेटणाऱ्या गोल वड्यांचा. काडी लावली की तडतड ठिणग्या उडवत वडी काही सेकंदांत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पेटत जाते. ही करामत सोऱ्याची. सोरा तापला की स्वतःच ऑक्सिजन पुरवतो. बंदुकीच्या दारूतही तो त्याच कामासाठी असतो. ऊद-लोबानासाठी ह्या वड्या सोयीच्या, पण पेटताना त्या हातात धरणं हा वेडेपणा, आणि सुरुवातीचा तो झणझणीत धूर नाकाजवळही येऊ देऊ नये.

साध्या कोळशाला असा आयता ऑक्सिजन नसतो. तो पेटतो पृष्ठभागावर, हवा लागेल तिथेच, आणि पेटायला त्याला बराच वेळ सलग उष्णता लागते. काडीपेटीची काडी त्याला पुरत नाही, म्हणूनच घाईवर आलेला माणूस रॉकेलची बाटली उचलतो. घरातल्या निखाऱ्याच्या अपघातांतली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत टाळता येण्याजोगी चूक. कोळसा सच्छिद्र असतो, तेल आत मुरतं. वरून विझल्यासारखा दिसणारा तुकडा आत गरम असतो, त्या उष्णतेने तेलाची वाफ होते, आणि दुसऱ्यांदा तेल ओतायला गेलं की भडका उलटा बाटलीकडे येतो. पेट्रोल आणि स्पिरिटच्या बाबतीत तर पहिल्यांदा ओततानाच ही वेळ येऊ शकते.

बरोबर रीत कंटाळवाणी आहे. कोळसा आधी कोरडा हवा. तो हवेतला ओलावा शोषून घेतो. श्रावण-भाद्रपदात उघड्या पोत्यातला कोळसा पेटताना फटफट फुटतो आणि तुकडे उडवतो, ते आत कोंडलेल्या वाफेमुळे. थोडे तुकडे असतील तर गॅसच्या शेगडीवर जाड तारेची जाळी ठेवून त्यावर, किंवा विजेच्या उघड्या कॉइलच्या शेगडीवर ते मांडावेत. करवंटीच्या ठोकळ्यांना साधारण आठ ते बारा मिनिटं लागतात, आणि अर्ध्यावर चिमट्याने ते उलटावे लागतात. जास्त कोळसा लागत असेल तर तळाला भोकं पाडलेला उभा पत्र्याचा डबा हे उत्तम साधन: खाली कागद आणि पऱ्हाटीच्या काड्या, वर कोळसा. गरम हवा वर चढते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते, आणि न फुंकता सगळा कोळसा वरपर्यंत पेटतो. परभणीसारख्या कापसाच्या जिल्ह्यात वेचणी संपल्यावर पऱ्हाट्यांना तोटा नाही.

पेटला हे ओळखायचं कसं? रात्री लालीवरून, दिवसा राखेवरून. सगळ्या बाजूंनी पांढुरकी राख धरलेला, कुठेही काळा डाग नसलेला तुकडाच तयार समजायचा. राख लाकडातल्या कॅल्शियम-पोटॅशियमसारख्या क्षारांची असते. जिथला कार्बन जळून गेला तिथेच ती दिसते. काळा डाग म्हणजे तिथे अजून तापणं चाललं आहे आणि उरलेसुरले वायू बाहेर पडताहेत. सोनार ह्या बाबतीत फार काटेकोर असतो. सोनं वितळतं १०६४ अंश सेल्सियसला, नुसत्या शांत निखाऱ्याची धग त्याला पुरत नाही. तो फुंकणीने बारीक, सलग वारा देतो आणि नेमक्या जागी निखारा पांढराशुभ्र करतो. तिथे धुमसता तुकडा चालतच नाही.

वारा दिला की निखारा फुलतो, आणि ठिणग्याही उडतात. महाराष्ट्राला ह्याचा सर्वांत दारुण अनुभव आला तो मुंबईत. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारातल्या ‘मोजोज बिस्ट्रो’ आणि ‘वन अबव्ह’ ह्या गच्चीवरच्या दोन उपाहारगृहांत आग भडकली आणि १४ जणांचा जीव गेला. मुंबई अग्निशमन दलाच्या चौकशी अहवालाने जे संभाव्य कारण नोंदवलं, ते होतं हुक्क्याच्या निखाऱ्यांतून उडालेल्या ठिणग्या. शेगडीतून निखारे काढताना किंवा त्यांना वारा घालताना उडालेली ठिणगी जवळच्या पडद्यांना लागली असावी आणि तिथून आग छतावरच्या जळाऊ आच्छादनात शिरली असावी, असा तो निष्कर्ष. कोळसा पेटवण्याचं ठिकाण चुकीच्या जागी असलं तर काय होऊ शकतं, ते ह्यावरून कळतं.

परभणीत गच्चीवरचे पब नाहीत, पण पेट घेणारा माल मुंबईपेक्षा जास्त उघड्यावर आहे. मानवत आणि सेलूच्या जिनिंगमध्ये पडलेला कापूस, शेतात रचलेली कडब्याची गंजी, उन्हाळ्यात वाळून कोळ झालेलं गवत. मे महिन्यात तापमान ४४-४५ अंशांपर्यंत चढतं, दुपारी वावटळी उठतात. अशा वेळी अंगणात शेगडीला सुपाने वारा घालणं म्हणजे ठिणगी कुठे जाऊन पडेल ते वाऱ्यावर सोपवणं. शेगडी भिंतीच्या आडोशाला, फरशीवर किंवा मातीवर हवी. वर मांडव नको, बाजूला पडदा नको, आणि हाताशी वाळूची किंवा मातीची बादली हवी. निखाऱ्यांची ने-आण करायची ती झाकणाच्या, लांब दांड्याच्या भांड्यातून. मुलांच्या आणि माणसांच्या गर्दीतून उघडा चिमटा नेणाऱ्या वेटरचं कौतुक करणारे व्हिडिओ पाहिले की अंगावर काटा येतो.

विझवणं हा तर आणखी दुर्लक्षित भाग. राखेत गाडलेला निखारा रात्रभर जिवंत राहतो. पूर्वी घरोघरी सकाळची चूल त्याच्यावरच पेटायची. म्हणजे जी गोष्ट आजीला सोय होती, तीच प्लास्टिकच्या कचरापेटीत आग होते. तापलेल्या निखाऱ्यांवर एकदम तांब्याभर पाणी मारलं तर वाफ आणि गरम राख उसळून तोंडावर येते. पत्र्याच्या डब्यात टाकून घट्ट झाकण लावून उघड्यावर ठेवावं किंवा मातीत कालवावं, आणि दुसऱ्या दिवशी हात जवळ नेऊन मगच उकिरड्यावर टाकावं.

ठिणगी निदान दिसते. निखाऱ्याचा दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. कोळशाच्या थरात खालच्या बाजूला कार्बन पुरता जळून कार्बन डायऑक्साइड होतो; तो वर चढताना लाल कोळशांतून जातो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. भरलेल्या शेगडीवर अंधारात निळसर ज्योती नाचताना दिसतात, तो हाच वायू जळत असतो. न जळलेला भाग खोलीत पसरतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर गुदमरतं. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप येते. झोप आली की उठून खिडकी उघडणारं कुणी उरत नाही. धूर थांबला, निखारे पांढरे झाले, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही, हा समज म्हणूनच जीवघेणा. धूर जातो, वायू जात नाही.

मराठवाडा म्हणजे उन्हाळा, असं बाहेरच्यांना वाटतं. पण परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या वेधशाळेने काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेलेला पारा नोंदवला आहे. अशा रात्री शेगडी आत घेण्याचा मोह स्वाभाविक आहे. जुन्या घरांना कौलांच्या आणि माळवदाच्या सांध्यांतून, झरोक्यांतून हवा मिळायची. स्लॅबच्या खोलीला आणि सरकत्या काचेच्या खिडकीला ती सवलत नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवून शेक देण्याची, ओवा-बाळंतशेपांची धुरी देण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. आई आणि तान्हं बाळ, दारं लावलेली, वारा लागू नये म्हणून फटींना चिंध्या कोंबलेल्या. वायूच्या दृष्टीने ह्याहून वाईट खोली रचता येणार नाही. शेकायचंच असेल तर गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेलं फडकं तेच काम करतं.

आता हुक्क्याचा प्रश्न उरतो: कोळसा उत्तम, बाहेर पेटवलेला, पुरता फुललेला, मग तरी चालेल ना? बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हेच तपासलं. त्यांनी तीच तंबाखू एकदा कोळशावर आणि एकदा विजेच्या तापकावर ओढवून पाहिली. नळीतून येणाऱ्या धुरातला सुमारे ९० टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोगकारक बेंझोपायरीनपैकी सुमारे ९५ टक्के भाग कोळशातून आलेला निघाला. पाण्याने धूर गार होतो, पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे बुडबुड्यांतून तो तसाच वर येतो. तंबाखूऐवजी ‘हर्बल’ मसाला घातला तरी वर निखारा तोच. हुक्क्याची एक बैठक तासभर चालते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या टिपणानुसार एका बैठकीत शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर आत जाऊ शकतो. तेव्हा सुरक्षित पेटवण्याने भाजणं टळतं, आग टळते. ओढणाऱ्याच्या रक्तातला वायू टळत नाही.

कायद्यानेही इथे हात घातला आहे. कमला मिलनंतर महाराष्ट्राने सिगारेट व तंबाखूविषयक केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरपासून राज्यात हुक्का पार्लर चालवायला बंदी आली. शिक्षा एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड. गुजरातने अशी बंदी आधीच घातली होती. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चेंबूरच्या एका उपाहारगृहाचा दावाही मानला नाही: खाद्यगृहाचा परवाना आहे म्हणून तिथे हर्बल हुक्का देता येतो, असं होत नाही.

वायूची बाधा झाली असं वाटलं तर पहिलं काम माणसाला मोकळ्या हवेत आणण्याचं, आणि मग १०८ ला फोन. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या बोटावरच्या ऑक्सिमीटरवर इथे भिस्त ठेवू नका. त्याला ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही, त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनचा मुखवटा लावला तर साधारण तास-दीड तास. म्हणून दवाखान्यात पोचताच डॉक्टरांना एक वाक्य न विसरता सांगा: खोलीत कोळसा पेटलेला होता.